पहिलं जेट मॉडेल: पोट बंद करायच्या आधी

डब्यावरचं चित्र बघून वाटतं, प्लास्टिकचं जेट म्हणजे दोन अर्ध्या भागांचं पोट, दोन पंख, शेपूट आणि वरची काच. अवघड काम त्या पोटाच्या आत असतं. वैमानिकाची खुर्ची, नाकातलं वजन, इनटेक (इंजिनात हवा जायचं तोंड) आणि मागचा एक्झॉस्ट पाइप हे सगळं दोन अर्धे चिकटायच्या आधी जागेवर बसलेलं लागतं. नंतर काही आठवलं तर विमान फोडावंच लागतं. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका गच्चीवरच्या खोलीत रविवारी आमची मॉडेल करणारी मंडळी जमतात, ती म्हणूनच नव्या माणसाला पहिल्या दिवशीच बजावतात: बंद करायच्या आधी दाखव.

ही मंडळी बोलतात फार. जालन्याहून, बीडहून कुणी ना कुणी आलेलं असतं. लातूरचे एक काका आले की चहा येईपर्यंत १९७१ च्या युद्धावर दोन वाद होऊन जातात. एकट्यानं व्हिडिओ बघत बसणाऱ्यापेक्षा या गप्पांत बसणारा माणूस लवकर शिकतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त कोणत्या टप्प्यावर कुणाचं ऐकायचं, ते कळलं पाहिजे. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

विमान निवडताना

सध्या येणाऱ्या प्रत्येकाला मिग-२१ करायचं असतं. साहजिक आहे. १९६३ मध्ये वायुदलात आलेल्या या विमानानं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप घेतला, आणि तीन पिढ्यांच्या मनात ते घर करून आहे. दुसरी मागणी सुखोई-३० एमकेआयची, कारण ते आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार होतं. माझा सल्ला असा की ही दोन्ही विमानं पहिल्या खेपेला बाजूला ठेवा. मिगच्या नाकातच इनटेक आहे आणि त्यात मधोमध शंकू, त्यामुळे वजन ठेवायला जागा शोधावी लागते. शिवाय जुनी मिग चंदेरी धातूच्या रंगात होती, आणि चंदेरी रंगाखाली प्रत्येक ओरखडा दिसतो. सुखोई तर आकारानंच मोठं. खरं विमान जवळजवळ २२ मीटर लांब आहे, म्हणजे १/७२ मापातही (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) मॉडेल ३० सेंटिमीटरचं होतं. दोन इंजिनं, पुढचे छोटे पंख, खाली क्षेपणास्त्रांची रांग. नवा माणूस अर्ध्यात दमतो आणि डबा माळ्यावर जातो.

पहिल्या जेटसाठी मी हॉकर हंटर सुचवतो, १/७२ मापात. हंटर १९५७ पासून आपल्या वायुदलात आलं, आणि डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे अडवले ते जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी. ही गोष्ट माहीत असली की हात टिकून काम करतात. तांत्रिक कारणही आहे: वरून गडद हिरवा आणि गडद राखाडी, खालून चंदेरी, अशी त्याची रंगसंगती. वरचे दोन रंग ब्रशनं मारले तरी खपून जातात. इनटेक पंखांच्या मुळाशी, लहान, त्रिकोणी, त्यामुळे आत फारसं डोकावता येत नाही. रेव्हेल कंपनीचं या मापातलं हंटर नव्या माणसाला झेपतं.

मापाचा हिशेब सोपा आहे. विमानाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ७२ नं भागा. हंटर जवळपास १४ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १९ सेंटिमीटरच्या आसपास. पंखांचा पसारा १४ सेंटिमीटरच्या आसपास. १/४८ घेतलं तर हीच मापं २९ आणि २१ होतात. त्या मापात भाग हाताळायला सोपे जातात, पण घरातलं कपाट आधी मोजून घ्या.

किट मागवण्याआधी डब्याचा फोटो जाणत्या माणसाला दाखवा. डब्यावरच्या नावानं माणूस फसतो. उदाहरण नॅटचं घ्या. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर लढताना वीरगती मिळालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्या नॅटमध्ये होते, ते एक आसनी लढाऊ विमान होतं. एअरफिक्सचं नॅट टी.१ मात्र दोन आसनांचं प्रशिक्षण विमान आहे, ब्रिटनच्या रेड अॅरोज पथकाचं. त्यावर कितीही केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ लावलं तरी ते सेखोंचं नॅट होत नाही. मिग-२१ मध्येही तेच. १९७१ चा आपला एफएल प्रकार घ्यायचा असेल तर पंखांखाली दोन पायलॉन (शस्त्रं टांगायचे खुंट), सडपातळ पाठ आणि अंगातली तोफ नाही, हे बघा. एमएफ प्रकारात चार पायलॉन आणि पोटाखाली तोफ येते. हे सगळं लातूरच्या काकांना तोंडपाठ आहे. ते डब्याचा फोटो बघतात आणि विचारतात, "कोणत्या साली उडवायचंय तुम्हाला?" विमानाआधी साल ठरवायचं, ही सवय त्यांच्याकडूनच उचलावी.

एडुआर्डची किट फार सुंदर असतात, पण त्यांच्या प्रोफीपॅक डब्यात पितळी पत्र्याचे केसाएवढे भाग येतात. पहिल्या खेपेला ते नकोत. त्याच कंपनीचा वीकएंड डबा साधा असतो.

सामान कुठून आणायचं

किट बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं. देशातल्याच हॉबी दुकानांतून घ्या, बाहेरून मागवलं तर कस्टमचा खर्च वर येतो. पण बाकीचं बरंचसं सामान गावातच मिळतं.

ब्लेडसाठी सर्जिकल सामानाच्या दुकानात जा. ११ नंबरचं ब्लेड आणि त्याला बसणारा ३ नंबरचा हँडल मागा. टोकदार, स्वस्त, आणि बोथट झालं की बदलता येतं. घासायला हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर: ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबर. गुलमंडीकडच्या किंवा लातूरच्या गंजगोलाईतल्या कटलरीच्या दुकानात नखं घासायचा चार बाजूंचा बफर मिळतो. काच आणि नाक चमकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सायकलच्या दुकानातून बारीक छर्रे आणा, ते नाकात जाणार आहेत. मेडिकलमधून २ मिलीच्या सिरिंज, रंग मोजून पातळ करायला. घरातून कपडे वाळवायचे चिमटे, रबर, काडेपेट्या आणि टूथपिक.

कटर मात्र चांगला घ्या, एका बाजूनं सपाट असलेला. भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला अडकून येतात तिच्यावरून नेलकटरनं कापले की प्लास्टिक पांढरं पडून फाटतं.

चिकटवायला तामियाचं एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाचं. हे खरं तर चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. जोड आधी हातानं घट्ट धरायचा आणि भरलेलं ब्रश फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. काही सेकंद दाबून धरा. फटीतून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर आली, तर जोड बसला. ती रेघ लगेच पुसू नका. रात्रभर वाळू द्या, मग घासा. मेच्या उन्हात ही बाटली उघडी ठेवली तर बघता बघता रिकामी होते, आणि बाटली कलंडते तीही उघडी असतानाच. जाड पुठ्ठ्यात भोक पाडून त्यात ती बसवून टाका.

फेविक्विक लागतंच. ते हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत उशीर लावतं आणि जुलैत क्षणात धरतं. काचेजवळ ते कधीच वापरू नका. त्याच्या वाफेनं काच आतून पांढुरकी होते, आणि आतून ती पुसता येत नाही. काच पांढऱ्या फेविकॉलनं लावा.

डबा उघडल्यावर

सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवा. कारखान्यात साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहतो आणि नंतर रंग सोडतो. मग माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा. सगळे भाग एकदम कापून ताटात ओतू नका. नंबर फ्रेमवर असतात, भागांवर नाही. लागेल तेवढंच कापा, आणि दोन दमात: आधी भागापासून थोडं दूर, मग उरलेला कोंब सपाट बाजूनं.

कॉकपिट आणि पोट: इथे वेळ घाला

पहिल्या खेपेला या टप्प्यावर निम्मा वेळ गेला तरी हरकत नाही.

प्रत्येक भाग चिकटवायच्या आधी कोरडा बसवून बघा. गोंद नाही, फक्त टेप. खुर्ची, तिच्यामागची भिंत, डॅशबोर्ड सगळं टेपनं अडकवून दोन अर्धे मिटवा आणि उजेडाकडे धरून बघा. फट दिसली तर आत काहीतरी अडतं आहे. बहुतेक वेळा ती कॉकपिटची जमीन असते, दोन्ही कडांनी किंचित जास्त रुंद. ४०० च्या पेपरवर दोन-चार वेळा घासा आणि पुन्हा बघा. जोर लावून मिटवलेली फट गोंद सुकल्यावर, किंवा रंग झाल्यावर, पुन्हा उघडते.

कॉकपिट बंद होण्याआधीच रंगवा. हंटरचं आतलं काळं-राखाडी, खुर्चीवरचे पट्टे फिकट. १/७२ मध्ये काचेतून फार थोडं दिसतं, म्हणून डॅशबोर्डवरचा प्रत्येक काटा रंगवण्यात रात्र घालवू नका. काळ्यावर अर्धवट सुकलेल्या पांढऱ्या ब्रशनं हलकेच फिरवलं की उठलेले काठ दिसू लागतात. तेवढं पुरे.

आता वजन. जेटला तीन पायांचं चाक असतं, एक पुढे आणि दोन मागे, आणि मॉडेलचं प्लास्टिक मागच्या बाजूला जास्त. नाकात वजन नसेल तर विमान शेपटीवर बसतं. माहितीपत्रकात ग्रॅमचा आकडा असतो, पण त्यावर विसंबू नका. दोन अर्धे आणि पंख टेपनं जोडा, मागची चाकं जिथे येणार तिथे खालून दोन टूथपिक आडव्या धरा आणि नाक खाली जातं का बघा. जाईपर्यंत छर्रे टाका. वर आणखी दोन-तीन टाका, कारण शेपटीचे उरलेले भाग आणि रंग यांचं वजन अजून यायचं आहे. छर्रे अॅरल्डाइटमध्ये बसवा. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या आणि फेविकॉल ही जोडी कटाक्षानं टाळा. शिसं त्या गोंदातल्या आम्लाशी हळूहळू लागून फुगत जातं, आणि चांगलं झालेलं मॉडेल काही वर्षांनी नाकातून उकलतं.

मग इनटेक आणि एक्झॉस्ट. आतला जोड घासायचा असेल तर आत्ताच. एक्झॉस्ट पाइपच्या आत गडद धातूचा रंग मारून घ्या, नंतर ब्रश आत पोचत नाही.

एवढं झालं की विमान टेपवरच ठेवा आणि रविवारपर्यंत थांबा. नवा मुलगा किट घेऊन आला की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नाकात वजन टाकलास का?" दुसरा: "दाखव." ते विमान उलटं धरून टूथपिकवर तोलतात. वाळूजला टूलरूममध्ये काम करणारा आमचा भैय्या जोडावर डोळे मिटून नख फिरवतो. नख कुठे अडलं तर तिथे बोट ठेवून परत देतो. त्याचं नख डोळ्यापेक्षा खरं आहे, कारण डोळा रंगाच्या फरकानं फसतो. एक दंतवैद्य मित्र जुनी टोकदार हत्यारं आणून देतो, पॅनेलच्या रेघा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या) पुन्हा कोरायला. शिकणारी मुलं थ्रीडी प्रिंटच्या गोष्टी काढतात. त्यांचं जरूर ऐका, पण पहिल्या विमानात वापरू नका.

विचारताना भाग हातात घेऊन विचारा. "कसं करू?" या प्रश्नाला या मंडळींकडे तासाभराचं उत्तर आहे. "हे असं बंद करू का?" याला हो किंवा नाही मिळतं. इतिहासाचा प्रश्न काकांना, घासण्याचा भैय्याला, रंगाचा जो स्वतः त्याच रंगाचं विमान घेऊन आला आहे त्याला. एकाच प्रश्नावर तिघांची तीन मतं आली, तर ज्याचं पूर्ण झालेलं विमान समोर टेबलावर आहे त्याचं धरा.

पंख, फटी, घासणं

पंख लावल्यावर समोरून बघा. दोन्ही एकाच कोनात हवेत, माहितीपत्रकातल्या समोरच्या चित्राप्रमाणे. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काडेपेट्या ठेवा आणि रात्रभर हलवू नका.

हंटरच्या नाकाखाली चार तोफांच्या मागे दोन फुगवटे असतात. काही किटमध्ये ते वेगळे येतात आणि विसरले जातात. आत्ताच लावा.

फटी भरायला बारीक असेल तर तामियाची पुट्टी, मोठी असेल तर एम-सील. एम-सील ओल्या बोटानं सारखं केलं की घासायचं काम कमी होतं. तिसरा मार्ग फेविक्विक आणि खायचा सोडा. थेंबावर चिमूटभर सोडा पडला की लगेच दगड होतो, पण तासाभरात घासून घ्या, नाहीतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होऊन बाजूचं प्लास्टिक आधी झिजतं.

पेपर ओला करूनच घासा. कोरड्या घासण्यात उष्णतेनं प्लास्टिक वितळून पेपर भरतो, आणि ती धूळ नाकात जाते ती वेगळीच. "घाई कशाला करायलास? ४०० नं सुरू कर, १००० ला थांब," हे भैय्याचं वाक्य. जोड दिसेनासा झाला की पॅनेलच्या पुसलेल्या रेघा टेपच्या कडेनं पुन्हा कोरा, अगदी हलक्या हातानं. १/७२ मध्ये १ मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची फट होते. तेवढ्या फटीतून खऱ्या विमानाचं इंजिन दिसेल.

रंग, आणि आपली हवा

मराठवाड्यात मॉडेल रंगवणाऱ्यानं आधी हवामान बघावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना भर दुपारी अॅक्रिलिक फवारला, तर थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर खरखरीत बसतो. तेव्हा रंग पहाटे मारा. कूलर चालू असलेल्या खोलीत तर अजिबात नको: ओलसर वारा, गवताचे तंतू आणि धूळ तिन्ही एकदम रंगावर येतात. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट दिवशी चकचकीत लॅकर फवारला की वर पांढुरकी झाक येते. उघडीप मिळेपर्यंत थांबा. वाळणारं विमान प्रत्येक वेळी पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याखाली झाका.

आधी प्रायमर. राखाडी प्रायमरखाली राहिलेली प्रत्येक फट दिसते, हाच त्याचा मुख्य उपयोग. मॉडेलसाठीचा मिस्टर सरफेसर १००० उत्तम. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली स्प्रे कॅन स्वस्त पडते, पण तिच्यातलं थिनर काही वेळा प्लास्टिक खातं. आधी फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा, रात्रभर ठेवा, मग ठरवा. एनसी थिनर आणि नेलपेंट रिमूव्हर मॉडेलच्या आसपासही आणू नका.

ब्रशनं रंगवणार असाल तर वायेहोचे अॅक्रिलिक किंवा हम्ब्रोलचे इनॅमल. तामियाचा अॅक्रिलिक ब्रशला सोसत नाही, दुसरा हात पहिला उचलून आणतो. फवारायला मात्र तो फार चांगला. स्टेशनरीच्या दुकानातले कॅमलचे अॅक्रिलिक टायर किंवा खुर्चीसाठी ठीक, पूर्ण विमानासाठी जाड पडतात. चपट्या सिंथेटिक ब्रशनं पातळ थर द्या, पहिला नाकाकडून शेपटीकडे, पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. पहिल्या थरात खालचं राखाडी दिसतं, घाबरू नका. तीन थरांत झाकतं.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन, पहिल्या विमानाला आवश्यक नाही. घ्यायचाच असेल तर ०.३ मिलिमीटर नोझलचा, आणि टाकी आणि पाणी अडवणारा सापळा असलेला कंप्रेसर. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय. खिडकी उघडी आणि तोंडावर गॅससाठीचा मास्क, कापडी नव्हे. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर, किंवा गच्चीवर.

क्रम: खालचं चंदेरी आधी, ते झाकून वरचं राखाडी, मग हिरव्या पट्ट्यांसाठी मास्किंग. रंगाऱ्याचा मास्किंग टेप जास्त चिकट असतो, लावण्याआधी दोनदा तळहाताच्या मागे चिकटवून त्याचा जोर कमी करा. हिरव्या-राखाडीची सीमा फोटो बघून पेन्सिलनं आखा. इथे वाद होणारच. गडद राखाडीत निळं किती, यावर आमच्याकडे अख्खी दुपार गेलेली आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक बरोबर असू शकतात, कारण उन्हात उभं राहिलेलं विमान रंग बदलतं. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात हंटर, नॅट, मिग सगळी उभी आहेत. जाणं झालं तर सगळ्या कोनांतून फोटो काढून आणा. पण संग्रहालयातलं विमान नंतर पुन्हा रंगवलेलं असू शकतं, तेव्हा त्या काळचा फोटो मिळाला तर तोच वरचढ धरा.

डिकल

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणा. त्या लावण्याआधी चकचकीत, पारदर्शक क्लिअरचा थर द्या. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. ती नंतर जात नाही.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळलं की क्षारांचे पांढरे डाग ठेवतं, आणि गडद हिरव्यावर ते उठून दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. किंचित कोमट करा, डिकल काही सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर ठेवा आणि बोटानं हलकेच सरकेपर्यंत थांबा. पाण्यातच तरंगू दिला तर त्याचा गोंद धुऊन जातो. डिकल बसवायची दोन द्रवं येतात: खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सोल. सोल लावल्यावर डिकल सुरकुततो, तेव्हा बोट लावायचं नाही. तासाभरात तो आपणहून रेघांत बसतो. सेट नसेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून काम भागतं.

वायुदलाचं वर्तुळ बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. बऱ्याच हंटरांचा क्रमांक बीए या अक्षरांनी सुरू होतो. परदेशी किटमध्ये भारतीय खुणा नसतील तर त्यांचे वेगळे डिकल पत्रे मिळतात, किटबरोबरच मागवून ठेवा. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम दोन्ही बाजूंनी फोटो बघूनच लावा.

वॉश आणि शेवटचे भाग

डिकलवर पुन्हा चकचकीत थर, पूर्ण वाळू द्या. मग वॉश, म्हणजे रेघांत उतरणारा पातळ रंग: कॅमलच्या तेलरंगातला बर्न्ट अंबर थोडासा टर्पेंटाइनमध्ये विरघळवून बारीक ब्रशनं रेघांना टेकवा. तो रेघेतून स्वतः धावतो. अर्ध्या तासानं कापसाच्या काडीनं वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे पुढून मागे, पुसून घ्या. शुद्ध काळा वापरू नका, विमान जाळी काढल्यागत दिसतं. आणि मळवण्याचा अतिरेक नको. स्क्वाड्रनची माणसं विमानं पुसून, सांभाळून ठेवायची. तोफांच्या तोंडाशी धुराची हलकी झाक आणि चाकांजवळ थोडी धूळ, इतपत मला पुरेसं वाटतं. शेवटी मॅट किंवा सॅटिनचा थर.

काच, चाकं, चाकांचे दरवाजे, अँटेना आणि पंखाच्या टोकावरची पिटॉट नळी (वेग मोजणारी बारीक नळी) सगळ्यात शेवटी. पिटॉट आधी लावली तर हमखास मोडते.

झालेलं विमान खिडकीच्या उन्हात ठेवू नका, डिकलचे रंग उडतात. पत्र्याच्या खोलीतही नको, मेच्या दुपारी तिथे बारीक भाग वाकतात आणि जोड सैल होतात. धुळीसाठी काचेचं कपाट किंवा मिठाईचा पारदर्शक डबा चालतो.

बैठकीला आणायचं असेल आणि एसटीनं यायचं असेल, तर बुटाच्या खोक्यात फोम घ्या. विमान वरून दाबू नका. पोटाला आणि पंखांच्या मुळाला आधार मिळेल अशी फोममध्ये जागा कापा, चाकं हवेत राहू द्या. खोकं वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्या. पिटॉट नळी लावूच नका, काडेपेटीत कापसात वेगळी आणा. फेविकॉलची छोटी बाटली खोलीत असतेच, ती तिथे पोचल्यावर लावू.